धोरणकर्त्यांना परिसरशास्त्र कोण शिकविणार? दांडेलीच्या बांबूचा धडा

सरकारी धोरण ठरविणाऱ्या मंडळींना, म्हणजे मंत्री, सचिव, वनाधिकारी, जिल्हा पंचायतीचे सभासद यांना, उष्ण कटिबंधाचे परिसरशास्त्र आणि शाश्वत विकास हे विषय रीतसर शिकवावेत, हा विचार गेल्या काही दशकांत जगभर रुजला आहे. मध्य अमेरिकेतील कोस्टारिका या छोट्या देशात १९६३ साली काही विद्यापीठांनी मिळून उष्णकटिबंधीय अभ्यासाची एक संघटना उभी केली. सुरुवातीस तेथे जंगलात राहून शिकणारे तरुण संशोधक येत असत; पुढे निर्णयकर्त्यांसाठीही अभ्यासवर्ग भरू लागले. आपल्याकडे देहरादूनच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वन अकादमीत भारतीय वनसेवेतील अधिकारी घडविले जातात व नोकरीच्या मधल्या टप्प्यांवरही त्यांना प्रशिक्षण दिले जाते. तेव्हा या कामी हुबळी आणि धारवाड यांच्या मध्ये वसलेल्या रायापूरसारख्या ठिकाणी बसून कम्युनिटी कॉलेजच्या अध्यापकांनी लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. रायापूरहून पश्चिमेस निघाले की दोनेक तासांत दांडेलीची जंगले लागतात. या जंगलांतील बांबूच्या निमित्ताने १९७५ पासूनच्या काही वर्षांत कर्नाटक शासनाला परिसरशास्त्राचा एक धडा मिळाला. तो समजावून सांगणारे शास्त्रज्ञ होते हे खरे. परंतु मूळ शिक्षक जंगलाकाठचे गावकरी होते, आणि शाळा भरविण्याचे निमित्त टोपल्या विणणारे बुरूड ठरले. प्रस्तुत लेखात हे उदाहरण थोडे तपशिलाने मांडले आहे, कारण धोरणकर्ता काय शिकतो, किती शिकतो आणि शिकलेले किती दिवस टिकते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात सापडतात.

थोडे शब्दांविषयी

भाषेचा अध्यापक असल्यामुळे शब्दांपाशी क्षणभर थांबण्याची मुभा घेतो. मराठीत आपण 'परिसरशास्त्र' किंवा 'पर्यावरणशास्त्र' म्हणतो, उर्दूत 'माहौलियात'. 'माहौल' या मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'जे सभोवती आहे ते' असा आहे. 'परिसर' या शब्दातील 'परि' हेच सांगतो. दोन्ही भाषांनी एकच वाट धरली आहे. 'शाश्वत विकास' या संज्ञेबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. शाश्वत म्हणजे कायमचे, न बदलणारे. जंगलात तसे काहीच नसते. उर्दूत याला 'पायदार तरक्की' म्हणतात. पायदार म्हणजे ज्याचा पाय पक्का आहे, जे आपल्या पायावर उभे राहू शकते. कन्नडमध्ये 'सुस्थिर अभिवृद्धी' हा शब्द रूढ आहे, तोही याच्या जवळचा आहे. वर्गात तिन्ही शब्द फळ्यावर लिहून चर्चा केल्यास विद्यार्थ्यांना संकल्पना लवकर उमगते, असा अनुभव आहे. आपल्या विद्यार्थ्याच्या घरी दखनी उर्दू, बाजारात कन्नड आणि नातलगांकडे मराठी असते. एवढी शब्दसंपत्ती मसुरीच्या वर्गातही क्वचितच एकत्र येत असेल.

उष्ण कटिबंध वेगळा का?

आपल्या वनखात्याचा पाया ब्रिटिश राजवटीत घातला गेला. १८६४ साली पहिले वन महानिरीक्षक म्हणून डीट्रिच ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. ब्रँडिस विद्वान होते आणि त्यांनी येथील वनस्पतींचा कसून अभ्यास केला, याबद्दल दुमत नाही. परंतु त्यांच्यामागून जी वनव्यवस्थापनाची पद्धत रुजली तिचा साचा थंड प्रदेशातला होता. तेथील जंगलात एकाच जातीची, एकाच वयाची झाडे मैलोगणती उभी असतात. किती उभी आहेत, दरवर्षी किती वाढतात, किती तोडली तर साठा कमी होणार नाही, हा हिशेब तेथे कागदावर पुष्कळसा जमतो.

उष्ण कटिबंधात तो जमत नाही. येथे जाती पुष्कळ आणि प्रत्येक जातीची झाडे एका जागी थोडी. घाटमाथ्यावरील दमट जंगलात बरीचशी पोषणद्रव्ये जमिनीत साठून राहत नाहीत. ती उभ्या झाडोऱ्यात आणि कुजणाऱ्या पाल्यात फिरत असतात. त्यामुळे जंगल सपाट केले की त्या जमिनीची सुपीकता पावसाबरोबर वाहून जाते. एकाच जातीची लागवड केली तर कीड व बुरशी यांना मैदान मोकळे मिळते. शिवाय पाऊस! धारवाडला वर्षाकाठी ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर किलोमीटरच्या आत कॅसलरॉकच्या बाजूला गेले की तो त्याच्या कित्येक पट होतो. म्हणजे एकाच वनविभागात कोरडे, पानगळीचे आणि सदाहरित अशी निरनिराळी जंगले शेजारी शेजारी नांदतात. अशा मुलखासाठी एकच नियम फाईलवर लिहिणारा अधिकारी कितीही प्रामाणिक असला तरी त्याचा नियम कोठेतरी चुकणारच.

दांडेलीचा कारखाना आणि बुरुडांची तक्रार

वेस्ट कोस्ट पेपर मिल्स ही कंपनी १९५५ साली स्थापन झाली आणि ते दशक संपता संपता दांडेलीत काळी नदीच्या काठी कागद तयार होऊ लागला. स्वातंत्र्यानंतरचा तो काळ होता. देशाला कागद हवा होता, शाळा वाढत होत्या, वर्तमानपत्रे वाढत होती. आजूबाजूच्या जंगलात बांबू अफाट आहे आणि तो कधी संपणार नाही, असे गृहीत धरले गेले. शासनाने कारखान्याला तो टनामागे दीड रुपया अशा नाममात्र दराने देऊ केल्याचे प्रा. माधव गाडगीळ यांनी लिहून ठेवले आहे. बुरुडाला तोच बांबू बाजारभावाने, म्हणजे शेकडो पट किंमत देऊन घ्यावा लागत असे.

बुरूड म्हणजे कन्नडमध्ये मेदार. हुबळीत मेदार ओणी नावाची जुनी गल्लीच आहे. सुपे, टोपल्या, पाट्या, धान्याच्या कणग्या, कोंबड्यांची खुराडी, मोहरमच्या ताबुतांसाठी लागणाऱ्या कामट्या, घर बांधताना लागणारी परांची, या सर्वांना बांबू लागतो. दीड रुपयाचा दर ज्यांना मिळत होता त्यांनी रस्त्यालगतची बेटे भराभर साफ केली. टोपलीवाल्याला जंगलात अधिकाधिक आत जावे लागू लागले आणि पुढे मिळेनासेच झाले. सत्तरीच्या दशकात मेदारांनी शासनाकडे गाऱ्हाणे मांडले की, कारखान्यामुळे बांबू संपत चालला आहे. कारखान्याचे म्हणणे उलट होते: गावकरी कोवळे कोंब खातात, गुरे चारतात, आगी लावतात, म्हणून बांबू घटतो आहे.

त्या वेळी कर्नाटकचे अर्थमंत्री एम. वाय. घोरपडे हे होते. संडूरच्या घोरपडे घराण्यातील हे गृहस्थ स्वतः नावाजलेले वन्यजीव छायाचित्रकार होते, जंगलात बसून वाट पाहण्याची त्यांना सवय होती. मला वाटते, या सवयीचा येथे उपयोग झाला. त्यांनी कोणा एकाची बाजू घेण्याऐवजी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत नुकतेच आलेले तरुण परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांना प्रश्न तपासण्यास सांगितले. गाडगीळ मूळचे पुण्याचे. १९७३ पासून ते बंगळुरास काम करीत होते. एस. नरेंद्र प्रसाद आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी उत्तर कन्नड जिल्ह्यातील जंगलांत पायी फिरून बांबूची मोजदाद सुरू केली.

काट्यांचा प्रश्न

हा भाग समजण्यासाठी बांबूची वाढ कशी होते ते पाहणे आवश्यक आहे. बांबू हे झाड नव्हे, ते गवत आहे. जमिनीखाली त्याचा कंद पसरतो आणि पावसाळ्याच्या सुरुवातीस कंदातून कोंब वर येतात. मराठीत त्यांना वास्ते म्हणतात, कन्नडमध्ये कळले. वास्ता ज्या जाडीचा बाहेर येतो त्याच जाडीचा राहतो. दोन-तीन महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो आणि मग दोन-तीन वर्षे फक्त पक्व होत जातो. वास्त्याला लागणारे अन्न तो स्वतः तयार करीत नाही. ते कंदात साठलेले असते आणि कंदाला ते बेटातील जुन्या काठ्यांच्या पानांकडून मिळते. म्हणून बेटातील सर्व काठ्या एकदम कापल्या तर पुढील वर्षीचे वास्ते उपाशी राहतात, बारीक येतात किंवा येतच नाहीत. शेवटी कित्येक दशकांनंतर एका पिढीची सर्व बेटे एकाच सुमारास फुलतात, बी धरतात आणि मरतात. अशा वेळी बियांवरच सारी भिस्त असते.

दांडेलीच्या बाजूला दोन जाती महत्त्वाच्या. एक भरीव, बिनकाट्याचा मानवेल. दुसरा मोठा, पोकळ आणि काटेरी; त्याला कोठे कळक म्हणतात, कोठे काटस. या काटसाच्या बेटाभोवती तळाशी काटेरी फांद्यांचे असे जाळे असते की हात घालता येत नाही. वनखात्याच्या आराखड्यात असे लिहिलेले होते की, हे जाळे तोडून बेट साफ करावे. म्हणजे नव्या काठ्यांना जागा मिळेल, त्या सरळ वाढतील. वरवर पाहता हे पटण्यासारखे आहे. आपण बागेतही झुडपाच्या तळचे गचपण काढतोच. आणि तळ मोकळा असला की काठी बुंध्याजवळून कापणे तोडकऱ्याला सोपे जाते, हा फायदाही होताच.

गावकऱ्यांनी संशोधकांना नेमके उलट सांगितले. काटे हेच बेटाचे कुंपण आहे, ते काढले की गुरे, वानरे, साळिंदरे वास्ते खाऊन टाकतात. बेट साफ करणे म्हणजे बेट मारणे.

दोन दावे समोरासमोर आले. एकीकडे छापील आराखडा, दुसरीकडे तोंडी अनुभव. एरवी अशा प्रसंगी काय होते ते आपण जाणतो: ज्याच्या हाती कागद त्याचे खरे. येथे संशोधकांनी बेटे निवडली, काही साफ केलेली, काही तशीच ठेवलेली. त्यांत किती वास्ते आले, किती खाल्ले गेले, किती काठ्या उभ्या राहिल्या, हे हंगामामागून हंगाम मोजले. गावकऱ्यांचे म्हणणे खरे निघाले. साफ केलेल्या बेटांतील वास्ते मोठ्या प्रमाणात चरले जात होते आणि बेटाची वाढ खुंटत होती. याशिवाय असेही दिसून आले की, आराखड्यात नोंदलेला बांबूचा साठा आणि प्रत्यक्ष जंगलात उभा असलेला साठा यांत फार मोठी तफावत होती. फुगवलेल्या आकड्यांवर कारखान्याचा पुरवठा ठरला होता.

बेटे साफ करू नयेत ही शिफारस वनखात्याने स्वीकारली. सरकारी खाते आपली लेखी पद्धत केवळ निरीक्षणाच्या आधारे बदलते, असे प्रसंग मोजकेच घडतात. म्हणून अध्यापकांनी हे उदाहरण बारकाईने पाहावे. तेथे कोणी व्याख्यान दिले नव्हते. परिसंस्था म्हणजे काय, अन्नसाखळी म्हणजे काय, हे अधिकाऱ्यांना ठाऊकच होते. वनसेवेत येणारा मनुष्य तेवढे शिकूनच येतो. त्यांना ठाऊक नव्हते ते इतकेच की, काटसाचे काटे कशासाठी असतात. आणि हे ज्याला ठाऊक होते तो कोणत्याही बैठकीला बोलावला जात नव्हता.

धडा अर्धा राहिला

काट्यांची गोष्ट मान्य झाली, दराची झाली नाही. ज्याला कच्चा माल जवळजवळ फुकट मिळतो त्याला तो जपून वापरण्याचे कारण उरत नाही. दांडेलीभोवतीचा बांबू विरळ होत गेला तसा कारखान्यासाठी दूरदूरच्या राज्यांतून बांबू येऊ लागला आणि पुढे लगद्यासाठी निलगिरीकडे वळणे झाले. उत्तर कन्नडच्या भर पावसाच्या पट्ट्यात नैसर्गिक जंगल काढून निलगिरी लावली गेली, तेव्हा तिच्यावर गुलाबी बुरशीचा रोग पडला. एकाच जातीची दाट लागवड आणि कोंदट, ओली हवा, या दोहोंचा एकत्र परिणाम काय होतो, हे उष्ण कटिबंधाचे परिसरशास्त्र पहिल्याच पाठात सांगते.

यानंतरचे प्रकरण आपल्या जिल्ह्याशी अधिक निकटचे आहे. १९८४ साली राज्याचे वन महामंडळ आणि हरिहर येथील लगदा बनविणारी एक खाजगी कंपनी यांनी मिळून कर्नाटक पल्पवुड लिमिटेड नावाची संयुक्त कंपनी काढली. निलगिरीच्या लागवडीसाठी तिला सुमारे ३० हजार हेक्टर जमीन द्यावयाची होती. कागदोपत्री ती 'पडीक' होती. प्रत्यक्षात गावोगावच्या गुरांची कुरणे, सरपण, पाला आणि औषधी मुळ्या त्याच जमिनीवर होत्या. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी त्या वेळच्या धारवाड जिल्ह्यातील (आता हावेरी) हानगल तालुक्यातल्या कुसनूर येथे गावकऱ्यांनी सत्याग्रह केला. निलगिरीची रोपे उपटली आणि त्या जागी उपयोगी झाडांची रोपे लावली. 'कित्तिको-हच्चिको', म्हणजे 'उपटा आणि लावा', या नावाने हा सत्याग्रह ओळखला जातो. धारवाडची समाज परिवर्तन समुदाय ही संस्था त्यात अग्रभागी होती आणि सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकेत ज्येष्ठ कन्नड साहित्यिक शिवराम कारंत हे प्रमुख अर्जदार होते. नव्वदीच्या सुरुवातीस ही कंपनी गुंडाळली गेली.

आता एक गोष्ट लक्षात घ्यावी. बांबूचा धडा मान्य करणारे आणि 'पडीक' जमीन निलगिरीला देणारे शासन एकच, राज्य एकच, मध्ये दहा वर्षेही गेली नव्हती. याचे कारण अज्ञान नव्हे, असे माझे मत आहे. अधिकारी शिकला, पण त्याची बदली झाली. मंत्र्याला कळले, पण खाते बदलले. नव्या माणसासमोर पुन्हा जुनीच फाईल आली, आणि फाईलमध्ये काट्यांचा उल्लेख नव्हता, कुरणाचा नव्हता, फक्त हेक्टर आणि टन होते. जे ज्ञान केवळ अधिकाऱ्याच्या डोक्यात ठेवले ते त्याच्या सामानाबरोबर पुढच्या जिल्ह्यात जाते. धोरणकर्त्यांसाठी भरविल्या जाणाऱ्या आठ-पंधरा दिवसांच्या अभ्यासवर्गांची मोठी मर्यादा हीच आहे. ते वर्ग निरुपयोगी आहेत असे मुळीच म्हणावयाचे नाही; परंतु ज्ञान बदली न होणाऱ्या जागी साठवले गेले पाहिजे.

बदली न होणारी जागा कोणती? धारवाडलगत सोमेश्वर येथे उगम पावणारी शाल्मला बेडतीला मिळते आणि गंगावळीच्या नावाने समुद्राला जाते. या बेडतीवर वीज प्रकल्प आखला गेला, तेव्हा शिरसीच्या सुपारी बागाईतदारांच्या तोटगार्स सहकारी संस्थेने १९८१ साली परिसंवाद भरविला आणि शास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ, अभियंते व शेतकरी यांना एका मांडवात बसविले. प्रकल्पाच्या जमाखर्चात जंगल आणि बागा किती स्वस्तात धरल्या आहेत, हे आकड्यांनिशी दाखविले गेले. प्रकल्प बाजूला पडला. एका सहकारी संस्थेने हे घडविले, आणि ती संस्था बदलून दुसरीकडे गेली नाही.

मेंढ्याचा अभ्यासगट

याबाबतीत सर्वांत पुढचे पाऊल बांबूच्याच संदर्भात महाराष्ट्रात पडले. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड गाव आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या गावाशी जोडलेली आहेत. या गावाची खुबी अशी की, निर्णय घेणारी ग्रामसभा आणि चर्चा करणारा अभ्यासगट या दोन वेगळ्या बैठका तेथे चालत आल्या. अभ्यासगटात बाहेरचा जाणकारही येऊन बसू शकतो, वाद घालू शकतो; निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने ही अतिशय विचार करण्याजोगी रचना आहे. येथे शिकणारा आणि ठरविणारा एकच आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्यात बांबूचा समावेश गौण वनोपजात झाला. २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू विक्रीसाठी बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना देण्यास खाते तयार नव्हते. कारण १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत बांबू 'वृक्ष' होता. गवताला वृक्ष म्हणणारी ही व्याख्या ऐंशीहून अधिक वर्षे चालली! अखेरीस २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना-पुस्तक मेंढ्याच्या ग्रामसभेकडे देण्यात आले. मंत्री गावात आले, गाव दिल्लीला गेले नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. पुढे २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर वाढणारा बांबू 'वृक्षा'च्या व्याख्येतून वगळला गेला.

याच्या उलट चित्र पश्चिम घाटाच्या अहवालांचे. गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सादर केला. तो लोकांसमोर यायला मे २०१२ उजाडले. मग के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती नेमली गेली व तिचा अहवाल २०१३ साली आला. अधिसूचनेचे मसुदे एकामागून एक निघत राहिले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला, म्हणजे वायनाडमधील भीषण दरड कोसळल्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने कस्तुरीरंगन अहवाल नाकारला. यात राजकारण आहे, खाणी आहेत, घर व जमीन जाईल ही साध्या शेतकऱ्याची भीतीही आहे. परंतु एक बाब भाषेच्या अध्यापकाच्या नजरेतून सुटत नाही. मूळ अहवाल इंग्रजीत. ज्या गावांची नावे त्यात होती त्या गावांची भाषा कन्नड, मराठी, कोकणी, मल्याळम, तमिळ. अहवाल ग्रामसभांपुढे त्यांच्या भाषेत ठेवावा हा गाडगीळांचा आग्रह होता. तो वेळेवर पाळला गेला नाही, आणि मधल्या पोकळीत अफवा प्रत्येक भाषेत अचूक पोहोचल्या. दुसरीकडे, याच अहवालात सिंधुदुर्गातील २५ ग्रामसभांची नोंद आहे; त्यांनी आपण होऊन पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात समावेश मागितला होता. ज्यांना नीट कळले त्यांनी मागून घेतले.

आपल्या वर्गात काय करता येईल?

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायत व नगरपालिका स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी, असे ठरविले. राष्ट्रीय हरित लवादाने यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर देशभरात धावपळ झाली व अशा दोन लाखांहून अधिक नोंदवह्या कागदावर आल्या. घाईने केलेल्या कामाचे जे होते तेच पुष्कळ ठिकाणी झाले: शेजारच्या दोन गावांच्या नोंदवह्यांत एकच यादी. परंतु समितीची तरतूद कायद्यात आहे आणि नोंदवही दुरुस्त करता येते. गाव पातळीवरचे धोरणकर्ते म्हणजे हीच समिती होय. आणि या समितीत, पंचायतीच्या कचेरीत, वनरक्षकाच्या नोकरीत, ठेकेदाराच्या हाताखाली जाऊन बसणारी मुले कम्युनिटी कॉलेजांतूनच येतात.

पदवी अभ्यासक्रमात पर्यावरणाचा सहा महिन्यांचा अनिवार्य भाग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे आला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याचा आराखडाही तयार केला, हे आपणांस माहीत आहेच. त्यात क्षेत्रभेटीची तरतूद आहे. बहुतेक ठिकाणी तिचे रूपांतर सहलीत होते. धबधबा पाहून, छायाचित्रे काढून मुले परत येतात. त्याऐवजी एकच वस्तू घ्यावी. ती बांबू असू शकते, सरपण असू शकते, धारवाडच्या म्हशीचा चारा असू शकतो. त्या वस्तूविषयी तीन माणसांशी बोलावे: जो ती तोडून आणतो, जो विकतो आणि ज्याच्या दप्तरात तिचा आकडा आहे. तिघांची उत्तरे ज्या भाषेत मिळाली त्याच भाषेत लिहून घ्यावीत. 'बिदिरु', 'बांस', 'काटस', 'मानवेल' ही नावे एका प्रमाण शब्दात ओतून टाकू नयेत. काटस आणि मानवेल यांना एकाच शब्दाने लिहिले की काट्यांचा सारा प्रश्नच यादीतून नाहीसा होतो. नंतर वस्तू स्वतः मोजावी आणि दप्तरातील आकड्याशेजारी आपला आकडा मांडून तो समितीपुढे वाचून दाखवावा. समितीने ऐकले नाही तरी तो नोंदवहीला जोडण्याची लेखी विनंती करावी.

नव्वदीच्या दशकात पश्चिम घाटाच्या परिसरातील महाविद्यालयांचे अध्यापक व विद्यार्थी यांचे एक जाळे गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभे केले होते. वनस्पती, पक्षी, फुलपाखरे यांची पद्धतशीर नोंद ही मंडळी आपापल्या गावाभोवती करीत. त्यासाठी महागडी साधने लागली नाहीत. दोरी, वही, आणि पुन्हा त्याच जागी जाण्याची तयारी लागली.

ज्यांना बांबूपासून सुरुवात करावयाची आहे त्यांनी जुलैचा पहिला पंधरवडा निवडावा. कॉलेजची नवीन वर्षे तेव्हा सुरू झालेली असतात आणि वास्तेही तेव्हाच जमिनीतून डोके काढतात. शेताच्या बांधावरील दोन बेटे घ्यावीत, एक काटे राखलेले व एक साफ केलेले. प्रत्येक वास्त्याजवळ रंगीत कापडाची चिंधी बांधलेली काडी रोवावी, संख्या आणि तारीख वहीत लिहावी. ऑक्टोबरमध्ये, सहामाही परीक्षेच्या आधी, पुन्हा जाऊन मोजावे. काही काड्यांजवळ वास्ता दिसणार नाही. तो कोणी खाल्ला, हे बेटाच्या मालकाला विचारण्याआधी तेथे गुरे राखणाऱ्या पोराला विचारावे, आणि त्याचे नाव उत्तरासमोर लिहावे.